शेंड्याची साक्ष

१

रोपं पिवळी पडतात, त्यात नवल काही नाही. माणसाला सर्दी होते तशी रोपं पिवळी पडतात आणि बऱ्याचदा आपली आपण सुधारतातही. पण मागच्या तीन बाकांवरचे सगळे टोमॅटो पिवळे, दाराजवळच्या एकाच बाकावरच्या मिरच्या हिरव्यागार, आणि त्या मिरच्या नेमक्या धाकट्या भावानं हट्टानं पेरलेल्या, असं दिसलं तर माणसाच्या मनात काय येईल? ताईच्याही मनात तेच आलं.

रोपवाटिका ताईची. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. मुलीच्या बाळंतपणासाठी ती मुलीकडे राहायला गेली होती. नातवाच्या कौतुकानं मन भरून ती परत आली, पिशवी खांद्यावरून न उतरवताच पॉलीहाऊसमध्ये शिरली आणि दारातच थबकली. टोमॅटोच्या ट्रेमध्ये खालची पानं हिरवी होती, पण शेंड्याची कोवळी पानं फिक्कट पिवळी दिसत होती. एका ट्रेची नव्हे, सगळ्या ट्रेंची.

"मी रोज पाणी घातलंय हो ताई," मावशी म्हणाल्या. मावशी नात्यातल्या नव्हत्या. रोपांना पाणी घालायचं काम त्यांचं होतं आणि ते त्या इतक्या निष्ठेनं करत, की पावसाळी हवेतही झारी हातातून सुटत नसे. "एक दिवस चुकवला नाही. काय झालं कोण जाणे."

काय झालं ते रस्त्यापलीकडच्या खताच्या दुकानदाराला ठाऊक होतं, म्हणजे त्याला तसं वाटत होतं. दुकानाच्या दारात गोणीवर बसून सगळ्या रस्त्यावर नजर ठेवायची सवय असल्यामुळे लोक त्याला गोणीशेठ म्हणत.

"तुमचा छोटू दिसला होता," गोणीशेठ म्हणाला. "तुम्ही नव्हता तेव्हा. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि मागच्या बाजूला काहीतरी फवारत होता. मला काय, मी आपलं पाहिलं ते सांगितलं."

'मला काय' म्हणणाऱ्या माणसाचं त्यात बरंच काही असतं, हे ताईला एरवी कळलं असतं. पण आज तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मुलीकडे जायच्या आदल्याच दिवशी तिचं आणि छोटूचं कडाक्याचं भांडण झालं होतं. चाळिशीला टेकलेल्या त्या छोटूला निम्म्या बाकांवर मिरची लावायची होती. ताई म्हणाली होती, आपलं नाव टोमॅटोवर आहे, एक बाक देते, त्यावर भागव. तेव्हा सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, "बघू, तुझे टोमॅटो कसे येतात ते."

संध्याकाळी तिनं त्याला समोर उभं केलं.

"पंपात काय होतं?"

"पाणी होतं."

"पाणी फवारायला तोंडाला फडकं लागतं?"

छोटूनं मान खाली घातली. लहानपणी काच फोडली की घालायचा तशीच. "ताई, पाणी होतं. याहून जास्त विचारू नकोस."

त्याच संध्याकाळी पॉलीहाऊसच्या दाराला नवं कुलूप लागलं. एक किल्ली ताईकडे, दुसरी मावशींकडे. ज्या भावाच्या बुटांच्या नाड्या आई गेल्यावर तिनंच बांधल्या होत्या, त्याच्या खिशातली जुनी किल्ली आता कशालाच लागत नव्हती.

२

आठवडा सरला. पिवळेपणा कमी व्हायचं सोडून वाढतच गेला. ताईनं ठरवलं, येत्या रविवारी अण्णांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, सगळं बोलून मोकळं व्हायचं. छोटूनं त्याचं वेगळं बघावं. मात्र अण्णांसमोर नुसत्या संशयावर बोलून चालणार नव्हतं. पुरावा हवा होता, म्हणून तिनं भिंगाला बोलावलं.

भिंग ही तिची शाळेतली मैत्रीण. गळ्यात कायम भिंग अडकवून फिरायची, त्यावरून हे नाव पडलं ते पडलंच. मुंगीचे पाय मोजणारी ही मुलगी मोठी होऊन माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागली आणि आता तिथली मुख्य होती. रोपं आजारी पडली की लोक तिला डॉक्टरासारखं बोलावत आणि ती डॉक्टरासारखीच उशिरा येत असे.

"मला एवढंच सांग, कुठलं तणनाशक मारलंय," ताई म्हणाली. "कागदावर लिहून दिलंस तर बरं."

"तुझं निदान झालेलं दिसतंय. मग मी कशाला आले? चहा प्यायला?"

भिंगानं एक ट्रे उजेडात धरला. शेंड्याचं पान उलटं करून, सुलटं करून पाहिलं. मग खाली वाकून बाकाखालचं गवत बघत बसली. तिथं रोपांपेक्षा तणच जोमात होतं. मागच्या भिंतीशी सिमेंटची जुनी, झाकणाची टाकी होती. तिच्यावर ताईनंच रंगवलेली पाटी होती, 'पाण्याचा थेंबही वाया घालवू नका.' भिंगानं तेही वाचलं.

"तणनाशक मारलं, टोमॅटो आजारी पडले आणि तण मजेत आहे," ती म्हणाली. "असं तणनाशक मी तरी पाहिलेलं नाही. इकडे ये. या भिंगातून बघ. पान पिवळं आहे, पण शिरा?"

"हिरव्या आहेत."

"हं. आणि खालची, जुनी पानं?"

"तीही हिरवी. पण म्हणून काय झालं? आधी शेंडा जळतो, मग खालचं."

"जळलेलं पान करपतं, वाकडं होतं. हे करपलेलं नाही, उपाशी आहे. आता कशाला उपाशी आहे ते त्यालाच विचारू."

तिनं पिशवीतून तीन छोट्या बाटल्या आणि चित्रकलेचा बारीक ब्रश काढला. एका रोपाच्या पिवळ्या पानाची फक्त उजवी बाजू एका बाटलीतल्या पाण्यानं रंगवली आणि देठाला पांढरा दोरा बांधला. दुसऱ्या रोपाला दुसरी बाटली आणि निळा दोरा. तिसऱ्याला तिसरी आणि लाल दोरा. पुढच्या ट्रेमध्ये पुन्हा तसंच. ताई हाताची घडी घालून बघत राहिली. भावाचा निकाल लागायचाय आणि ही बया रंगकाम करत बसली आहे, असं तिच्या मनात आलं.

"बाटल्यांत काय आहे?"

"रविवारी सांगते. तोवर या पानांना हात लावायचा नाही." भिंगानं ब्रश पुसला. "कुलूप नवं दिसतंय. कधी लावलंस?"

"मी परत आले त्याच दिवशी. गेल्या आठवड्यात."

"आणि छोटू तेव्हापासून आत आलेला नाही?"

"येईल कसा? किल्ल्या दोनच आहेत."

भिंगानं शेंड्याचं सगळ्यात कोवळं, जवळजवळ पांढरं पडलेलं पान बोटावर धरलं.

"हे पान तू कुलूप लावलंस तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं," ती म्हणाली. "आणि सगळ्यात वाईट हेच आहे. म्हणजे जे काही होतंय ते कुलूप लागल्यावरही होतंय. रोजच्या रोज."

ताईचा हात नकळत गळ्यातल्या किल्लीकडे गेला. एक किल्ली तिची. दुसरी मावशींची.

३

मावशींवर संशय घ्यायचा म्हणजे सूर्यावर उशिरा उगवल्याचा आळ घेण्यासारखं होतं. तरी ताईच्या मनात तो आलाच. माणूस एकदा घरच्यावर संशय घ्यायला लागला की शेजारपाजार, नोकरचाकर कोणी सुटत नाही.

भिंग मात्र आधी रस्ता ओलांडून गोणीशेठकडे गेली.

"माती-मिश्रण तुमच्याकडचं?"

गोणीशेठचा चेहरा पडला. "हे बघा, माझ्या मालात खोट नाही. हेच मिश्रण चार जणांनी नेलंय, कोणाची तक्रार नाही. पाहिजे तर घेऊन जा आणि तपासा. सगळं घातलेलं असतं त्यात. नत्र, लोह, सगळं."

"दाराजवळच्या मिरच्याही याच मिश्रणात आहेत?"

"याच. एकाच दिवशी पोचवल्या होत्या गोण्या."

"मग तुम्हाला घाबरायचं कारण नाही. मिश्रणात खोट असती तर मिरच्याही सुटल्या नसत्या," भिंग म्हणाली. "पण मग छोटूचं नाव घ्यायची एवढी घाई का केलीत?"

गोणीशेठनं गोणीची शिवण चाचपली. "रोपं मेली की खतवाल्याचंच नाव येतं हो बाई. म्हटलं, आपल्याकडे बोट यायच्या आत दुसरीकडे दाखवावं. फवारताना दिसला होता, ते मात्र खरं आहे. रोपांकडे पाठ होती त्याची, एवढं आठवतं."

"रोपांकडे पाठ?"

"हो. टाकीकडे तोंड."

मग ताईला घेऊन ती पॉलीहाऊसमध्ये परतली. मावशी बाकांमध्येच सापडल्या. पाईपचं झारीसारखं तोंड उलटं धरून त्याची भोकं सुईनं टोकरत होत्या.

"बुजतात का हो फार?" भिंगानं विचारलं.

"हल्लीच बुजायला लागलीत. पांढरं कायतरी साठतं. आणि पाणी हाताला बुळबुळीत लागतं, साबण नीट धुतला गेला नाही की कसं लागतं, तसं. म्हटलं पाईपमध्ये शेवाळ धरलं असेल."

"मिरच्यांनाही याच पाईपनं घालता?"

"दारापर्यंत पाईप पोचतो कुठं? तिथं झारीनं घालते, बाहेरच्या नळाचं." मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता विचारताच आहात तर सांगते. तुम्ही नव्हता तेव्हा छोटू टाकीचं बूच काढायला निघाला होता. तुडुंब भरलेली टाकी. मी धरला त्याला. म्हटलं, एवढं पाणी ओतून देतोस, ताई काय म्हणेल? तर काही न बोलता निघून गेला. मग मी तो पाईप टाकीच्या तोटीलाच जोडला. रोज संध्याकाळी टाकी पुन्हा भरून ठेवते. म्हटलं, पाणी रोपांच्या पोटात तरी जाऊ दे."

ताईनं डोळे मिटले. रोपं मारून भागलं नाही म्हणून पाणीही सोडून द्यायला निघाला होता. आपल्याच हातानं वाढवलेलं पोर इतकं दुष्ट कधी झालं, आपल्याला कळलं कसं नाही?

"त्याआधी पाईप कुठं असायचा?" भिंगानं विचारलं. भावाच्या दुष्टपणात तिला काडीचा रस दिसला नाही.

"नळालाच. टाकी गळकी होती ना, त्यात पाणी ठरायचंच नाही. मागं नुसता चिखल व्हायचा. आता बघा, चिखल वाळला. ऊन पडतंय ना हल्ली."

भिंग टाकीमागं जाऊन आली. तिथं ऊन कधीच पडत नव्हतं.

४

दोघी छोटूच्या घरी गेल्या तेव्हा अण्णा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर पंचा टाकून. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. अर्ध्या शहरातल्या भिंती त्यांच्या हाताखालून गेलेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, यापुढे थापीला हात लावायचा नाही. थाप्यांची पेटी तिनं स्वतः माळ्यावर टाकली होती.

"रोपं कशी आहेत?" अण्णांनी विचारलं.

"बरी आहेत," ताई म्हणाली. रविवारपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नव्हतं.

छोटूनं चहा आणून ठेवला. बहिणीकडे न बघता कप तिच्यापुढे सरकवला, पण तिच्या कपात साखर कमी होती, तिला लागते तशीच. ताईला ते लक्षात आलं आणि उगाचच राग आला. गुन्हेगारानं गुन्हेगारासारखं वागावं, म्हणजे माणसाला सोपं जातं.

भिंगानं कप उचलला. "अण्णा, बोटांना काय झालं?"

अण्णांच्या बोटांची टोकं भेगाळली होती. दोन बोटांना चिकटपट्टी होती. "हे ना," अण्णा घाईनं म्हणाले, "साबण. हल्लीचे साबण वाईट."

"तुझ्या घरातला साबण बदल रे मग," भिंग छोटूला म्हणाली. "तुझीही बोटं तशीच दिसताहेत."

छोटूनं हात खिशात घातले. अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"छोटू, मी सरळ विचारते," भिंग म्हणाली. "पंपात काय होतं?"

"पाणी."

"आणि बूच कशाला काढत होतास?"

छोटूनं ताईकडे पाहिलं, मग अण्णांकडे. त्याच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ताईला ते अगदी स्पष्ट दिसलं, आणि त्यानं ते गिळलं तेही दिसलं.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "ताईला काय वाटायचं ते वाटू दे."

परतताना भिंग स्वतःच्याच बोटांची टोकं चोळून बघत होती. शेवटी ताईनंच विचारलं, "त्यानंच केलं ना? खरं सांग. मी ऐकून घेईन."

"रविवारचं बोलणं घरी नको," भिंग म्हणाली. "टाकीपाशी करू. अण्णांसाठी तेवढी खुर्ची न्यायला विसरू नकोस."

"अण्णांना कशाला? त्यांना हे सहन होणार नाही गं."

"त्यांच्याशिवाय हे प्रकरण उलगडणारच नाही," भिंग म्हणाली आणि आपल्या गल्लीत वळली. ताई रस्त्यात उभीच राहिली.

५

रविवारी सगळे टाकीपाशी जमले. अण्णा खुर्चीत, छोटू त्यांच्या मागं, मावशी झारी घेऊन. गोणीशेठही आला होता, कारण रस्त्यापलीकडून ऐकू आलं नसतं. ताई सगळ्यांपासून थोडी बाजूला उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य आता आठवत नव्हतं.

"आधी दोरे बघू," भिंग म्हणाली.

पांढरा दोरा. पान होतं तसंच पिवळं. "हा युरिया होता, म्हणजे नत्र. पिवळं दिसलं की लोक आधी युरिया ओततात. पण नत्र कमी पडलं तर रोप जुन्या पानांतलं काढून नव्याला देतं. घरातली थोरली माणसं आपल्या ताटातलं पोरांना वाढतात ना, तसं. तेव्हा आधी खालची पानं पिवळी पडतात. इथं खालची हिरवी आहेत."

निळा दोरा. तेही पिवळंच. "हे मॅग्नेशियम. त्याचीही तीच रीत, आधी खालची पानं."

लाल दोऱ्यापाशी ती थांबली आणि ट्रे ताईच्या हातात दिला. पानाची डावी बाजू पिवळी होती. उजवी, रंगवलेली बाजू हिरवी झाली होती. मधल्या शिरेवर सरळ रेघ मारावी इतका फरक होता.

"हे लोह," भिंग म्हणाली. "लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. जुनं पान नव्याला ते देऊ शकत नाही. म्हणून लोह तुटलं की शेंडा पिवळा पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुझ्या रोपांना कोणी विष घातलेलं नाही. त्यांना लोह मिळत नाहीये, एवढंच."

"पण माझ्या मिश्रणात लोह आहे," गोणीशेठ म्हणाला.

"आहे. मी तपासलं. ताट वाढलेलं आहे, पण रोपाला जेवता येत नाहीये. लोह मुळांना मिळायला माती किंचित आंबट लागते. तिच्यात चुना उतरला की लोह असून नसल्यासारखं होतं. आता प्रश्न एवढाच, की चुना आला कुठून?"

तिनं खिशातून पाण्याचा आंबटपणा तपासायच्या कागदाच्या दोन पट्ट्या काढल्या. एक मावशींच्या झारीत, नळाच्या पाण्यात बुडवली. पट्टी हिरवट झाली. दुसरी टाकीत बुडवली. ती गर्द निळी होऊन आली.

"पांढरं साठून भोकं बुजतात, पाणी हाताला बुळबुळीत लागतं, दोन्ही चुन्याच्या खुणा. मिरच्यांना नळाचं पाणी, म्हणून त्या वाचल्या. छोटूच्या आहेत म्हणून नव्हे, दाराजवळ आहेत म्हणून. खालची पानं टाकीचं पाणी सुरू व्हायच्या आधीची, म्हणून हिरवी. शेंडा कुलपानंतरचा, म्हणून सगळ्यात पिवळा. आणि बाकाखालच्या तणावरही हेच पाणी गळतं, पण त्याला जमीन खोल आहे, ती एवढा चुना पचवते. रोपाच्या वाट्याला मूठभरच मिश्रण."

"टाकी तर जुनीच आहे," ताई म्हणाली. "वर्षानुवर्षांची. तिच्यात चुना कुठून येणार?"

"बाहेरून जुनी आहे," भिंग म्हणाली. "गळकी टाकी सावलीत आपली आपण बरी होत नाही. आत हात घालून बघ."

ताईनं बाही वर केली आणि झाकणातून हात आत घातला. खडबडीत, शेवाळलेल्या भिंतीची तिच्या हाताला सवय होती. हाताला लागला तो ताजा गिलावा, घोटून गुळगुळीत केलेला. इतका सफाईदार हात तिनं आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता.

ती वळली. अण्णा चिकटपट्टीची बोटं पंचाखाली लपवत होते.

६

"तू नव्हतीस ना," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "म्हटलं, येईपर्यंत टाकी करून ठेवावी. मावशी घरी गेल्या की काम करायचो. रोज त्या गळतीवरून तू चिडायचीस. छोटू नको म्हणत होता. मीच त्याच्याकडून शब्द घेतला. तुला कळलं तर थापी कायमची फेकून देशील म्हणून."

"सिमेंट कालवताना धूळ उडते, म्हणून तोंडाला फडकं," भिंग म्हणाली. "आणि ओल्या गिलाव्यावर पाणी मारायला पंप."

"पाणी मारल्याशिवाय गिलावा पक्का होत नाही," अण्णा म्हणाले. हे सांगताना त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं. "मग टाकी भरून ठेवली, भिजत राहावी म्हणून. ते पाणी टाकून द्यायचं असतं, नव्या सिमेंटचा चुना उतरतो त्यात. नव्या टाकीचं पहिलं पाणी माणसंसुद्धा पीत नाहीत. छोटूला सांगितलं होतं, ताई यायच्या आत ओतून दे."

"तेच ओतायला गेलो होतो," छोटू म्हणाला. "पाईप टाकीला जोडलाय, हे मला माहीतच नव्हतं."

मावशींच्या हातातली झारी खाली आली. "अगं बाई. आणि मी त्याला धरला."

"तुम्ही धरलंत, कारण माझी पाटी आहे तिथं," ताई हळूच म्हणाली. "आणि नंतर तो पुन्हा आला असता, तर मी कुलूप लावलं."

गवंड्यानं गवंड्याचं काम चोख केलं होतं, मावशींनी त्यांचं, आणि ताईचा थेंब वाचवायचा नियमही चांगलाच होता. तीन चांगल्या गोष्टी एका टाकीत एकत्र आल्या आणि टोमॅटो पिवळे पडले. यात शिक्षा कोणाला करायची, हा प्रश्न गोणीशेठलाही सुटला नसता. तो तर दुकान उघडं राहिल्याचं निमित्त करून केव्हाच सटकला होता.

"रोपं जातील का?" अण्णांनी विचारलं.

"नाही हो," भिंग म्हणाली. "लोहाची एक फवारणी करा, नळाचं पाणी घाला. नवा शेंडा हिरवा येईल. टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरून ओता, पट्टी निळी व्हायची थांबेपर्यंत."

ताईच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. मग ती टाकीच्या पायथ्याशी, स्वतःच लिहिलेल्या पाटीखाली गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी बूच ओढलं. ते निघेना. छोटू शेजारी येऊन बसला, त्यानंही हात लावला आणि बूच सुटलं. तुडुंब भरलेल्या टाकीचं पाणी दोघांच्या पायांवरून तणात वाहत गेलं. एवढं पाणी तिनं आयुष्यात कधी वाया घालवलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला विचारलं, तू सांगितलंस, आणि मी ऐकलं नाही."

"मी म्हटलं होतं, पाणी होतं."

"हो रे. पाणीच होतं."

छोटूनं भेगाळल्या हातानं तिच्या केसांवरचा पाण्याचा शिंतोडा पुसला. "निम्म्या बाकांचं काय मग?"

"दोन घे. जास्त लाडात येऊ नकोस."

तिनं उठून दाराचं कुलूप काढलं आणि हातात धरून उभी राहिली. चांगलं मजबूत, नवं कोरं कुलूप होतं.

"याचं काय करू आता?"

"अण्णांच्या थाप्यांच्या पेटीला लाव," भिंग म्हणाली. "नाहीतर पुढच्या वेळी तू मुलीकडे गेलीस की ते इथं मजला चढवतील."

मावशीही खळखळून हसल्या. अण्णांनी मात्र कुलपाकडे बारकाईनं पाहिलं. "आणि किल्ली कोणाकडे राहणार?"

ताईनं मावशींकडची किल्ली मागून घेतली, गळ्यातली काढली, आणि दोन्ही किल्ल्या भावाच्या ओल्या तळहातावर ठेवल्या.

"याच्याकडे," ती म्हणाली.

अण्णा खुर्चीत मागं रेलून बसले. किल्ली छोटूकडे राहणार असेल, तर त्यांची काही तक्रार नव्हती.